घासाघीस : ओट्यावरची आणि पडद्यावरची

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वाचलेल्या भाषणाची संहिता)



या सभागृहात ज्यांचे आयुष्य पेढीवर गेले अशी मंडळी बरीच आहेत. कापड, किराणा, भुसार, भांडी, सोने-चांदी यांच्या व्यवहारात भाव कसा बोलावा, कोठे थांबावे आणि गिऱ्हाईक पायरी उतरू लागले की त्याला कोणत्या शब्दाने परत बोलवावे, हे त्यांना सांगण्याची गरज नाही. मात्र त्याच घरांतील मुले-नातवंडे जेव्हा एखादे जुने टेबल किंवा फ्रीज मोबाइलवरून विकत घेऊ पाहतात, तेव्हा दोन दिवसांत वैतागून जातात. घासाघीस तीच असते, आकडेही तेच असतात. तरी एका ठिकाणी तिच्यातून ओळख वाढते आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता मनस्ताप पदरी येतो. असे का व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोत्यांनी कल्पनेने एक लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणावे. पुण्याच्या जुन्या वस्तीतील एक इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. भाड्याच्या लहान घरात त्यांचे साडेसहा फुटी कपाट मावणार नाही. भाच्याने छायाचित्रे काढली, संकेतस्थळावर जाहिरात दिली आणि किंमत लिहिली ९,००० रुपये. बाईंच्या मनातला आकडा ६,००० होता. मधले तीन हजार त्यांनी घासाघिशीसाठी मोकळे ठेवले, कारण संसाराच्या पहिल्या पातेल्यापासून त्यांना तीच रीत ठाऊक होती.

त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीत नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण कपाट शोधतो आहे. सात हजारांपर्यंत जाण्याची त्याची तयारी आहे. परंतु बाईंच्या जाहिरातीपाशी येण्यापूर्वी तो चार विक्रेत्यांच्या तावडीतून गेलेला आहे. पहिल्याने जाहिरातीत किंमत एक रुपया लिहिली होती. विचारल्यावर ‘तुम्हीच सांगा’ असे उत्तर आले आणि आकडा सांगताच बोलणे बंद झाले. दुसऱ्याचे कपाट तीन आठवड्यांपूर्वीच विकले गेले होते, जाहिरात काढण्याचे कष्ट मात्र त्याने घेतले नव्हते. तिसरा ‘घरगुती वापरातील’ म्हणून विकत होता; प्रत्यक्षात ते जुन्या फर्निचरचे दुकान निघाले आणि छायाचित्रातले कपाट तेथे नव्हतेच. चौथ्याशी ६,५०० ला बोलणी पक्की झाली, तरुण दीड तासाचा प्रवास करून दारात पोहोचला, तेव्हा ‘आत्ताच एक जण साडेसात देऊन जातो म्हणाला, तुम्ही किती देता?’ असा प्रश्न त्याला उंबरठ्यावर ऐकावा लागला.

इतके पोळल्यावर पाचव्या ठिकाणी तो नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाही. बाईंना त्याचा एवढाच संदेश येतो : ‘लास्ट प्राइस?’ बाईंना तो उद्धटपणा वाटतो. कपाट कसे आहे, कप्पे किती, किल्ल्या आहेत का, यातले काहीच न विचारता एकदम शेवटचा भाव? तरीही त्या लिहितात, ‘नमस्कार. कपाट उत्तम स्थितीत आहे. आपण येऊन पाहावे.’ उत्तर येते, ‘४ फायनल. आज उचलतो.’ बाई फोन उलटा ठेवून देतात. तिकडे तरुण समजतो, हीही त्यांतलीच. सहा आणि सात हजारांच्या दरम्यान दोघांनाही समाधान देणारा सौदा चार ओळींत मरून जातो, आणि दोघेही एकमेकांविषयी वाईट मत घेऊन झोपी जातात.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. रॉजर मायर्सन आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९८३ साली गणिताने दाखवून दिले की, घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मनातले आकडे एकमेकांना ठाऊक नसतील, कोणावर सक्ती नसेल आणि बाहेरून कोणी पदरचे पैसे घालणार नसेल, तर होण्याजोगा प्रत्येक सौदा खात्रीने घडवून आणणारी पद्धत रचताच येत नाही. म्हणजे काही चांगले सौदे फिसकटणार, हे कोणत्याही बाजारात गृहीतच आहे. किती फिसकटावेत आणि फिसकटताना माणसाचा किती पाणउतारा व्हावा, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मात्र बाजाराच्या रीतीभातींवर अवलंबून असते.

जुन्या वस्तूंचा बाजार महाराष्ट्राच्या घरोघरी पूर्वीपासून चालत आला आहे, आणि त्याची चालक बोहारीण होती. दुपारच्या वेळी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात येई. घरातली गृहिणी जुन्या साड्यांचा, पँटींचा ढीग ओट्यावर आणून टाकी. मग बोहारीण साडी उजेडाकडे धरून विरलेली जागा दाखवी, गृहिणी पातेल्याच्या बुडावर टिचकी मारून पत्र्याची जाडी अजमावी. ‘एवढ्याशा पातेल्याला तीन साड्या? वर एक वाटी द्या.’ ‘वाटी नाही परवडत ताई, आणखी एक शर्ट घाला.’ पाटी उचलली जाई, फाटकापर्यंत जाई आणि परत येई. मध्येच पाणी मागितले जाई, कधी चहाही होई. तासाभराने एक डबा घरात राही आणि एक गाठोडे बाहेर पडे. दोघींनाही आपण थोडे फसलो आणि थोडे जिंकलो असे वाटे. दोन महिन्यांनी तीच बोहारीण त्याच दारात उभी असे.

या तासाभरात काय घडत होते, हे नीट पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट, वस्तू दोघींच्या हातात होती. दोष काढायचा तर तो बोट ठेवून दाखवावा लागे. दुसरी गोष्ट, कोणालाही फुकट बोलता येत नव्हते. जड पाटी उतरवून बसलेल्या बाईने तासभर घालवला होता, गृहिणीनेही आपली दुपारची विश्रांती सोडली होती. ज्याने एवढा वेळ खर्च केला तो सौदा मोडायला सहजासहजी तयार होत नाही, आणि म्हणूनच त्याने बोललेल्या आकड्याला वजन असते. तिसरी गोष्ट, पुन्हा तोंड दाखवायचे होते. मोबाइलवर ‘चार फायनल’ लिहायला काहीच लागत नाही. तोच संदेश एका बैठकीत चाळीस जणांना पाठवता येतो, आणि चाळिसांपैकी एखादा गळाला लागला तर लागला. जे बोलायला काही खर्च होत नाही, त्याला किंमतही राहत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तो अपमान खराच सोसावा लागतो.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील सेफ्रू या गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. बाजारात माल भरपूर असतो, दुर्मिळ असते ती माहिती, असे त्यांचे निरीक्षण होते. मालाचा दर्जा काय, चालू भाव काय, समोरचा कसा, हे कोणालाच पुरते ठाऊक नसते. म्हणून गिऱ्हाईक शंभर दुकाने पालथी घालण्याऐवजी एका दुकानदाराशी नाते जोडते आणि त्याच्याशीच पोटभर घासाघीस करते. भांडण रोजच्या माणसाशी करायचे, अनोळख्याशी नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नेमाने फिरणाऱ्यांना हे निबंध न वाचताच कळलेले आहे.

याचा अर्थ जुने ते सगळे सोने होते असा नव्हे. जनावरांच्या बाजारात हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. धान्याच्या बाजारातही ही हत्ता पद्धत होती. बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. म्हणून तर बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. आजच्या मोबाइलवरील सौदा या बाबतीत त्या रुमालाचाच वंशज आहे. ‘दुसरा साडेसात देतो आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे की खोटे, हे तपासण्याचा कोणताही मार्ग गिऱ्हाइकापाशी नसतो.

घासाघिशीला कंटाळलेली माणसेही सर्व काळी होती. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी एकच भाव सांगण्याची शिस्त लावून घेतली. नऊ मागायचे आणि मनात सहा धरायचे, हे त्यांच्या दृष्टीने उघड असत्य भाषण होते. सत्याणुव्रताचा विचार करणाऱ्या श्रोत्यांना त्यांची अडचण समजावून सांगावी लागणार नाही. गंमत अशी की, लहान मुलाला पाठवले तरी तोच भाव मिळतो म्हणून गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळले आणि त्यांची दुकाने चांगली चालली. पुढे पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून ‘बॉं मार्शे’ या दुकानाला मोठे रूप दिले, तेव्हा वस्तूवर किंमत लिहून ठेवणे हा त्यांच्या धंद्याचा एक पाया होता. भारतात १९७७ च्या नियमांनी बंद पाकिटावर किंमत छापण्याची वाट घातली आणि ‘कमाल किरकोळ किंमत’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला. त्यातला ‘कमाल’ हा शब्द मात्र बहुतेकांच्या ध्यानातून निसटला. त्याहून कमी घेण्यास कोणाचीच मनाई नसते.

परिणाम असा झाला की छापील किमतीत वाढलेल्या पिढीला घासाघिशीचा सरावच उरला नाही. भाजीवाल्या मावशींशी आई बोलत असे, मुलगा पिशवी धरून दूर उभा राही. आणि याच पिढीच्या हाती एकाएकी जुन्या वस्तूंचा असा अफाट बाजार आला, जेथे कशावरही किंमत छापलेली नसते.

या बाजाराचा आरंभ सांगायचा तर १९९५ पर्यंत मागे जावे लागते. पिएर ओमिडियार यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या, पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संकेतस्थळावर पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, तो १४.८३ डॉलरला गेला. अनोळखी माणसे एकमेकांवर विश्वास कसा ठेवणार, हा प्रश्न ओमिडियार यांना लगेच पडला, आणि १९९६ मध्ये त्यांनी घेणाऱ्या-देणाऱ्यांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय केली. पेढीची साख गावात जशी तोंडोतोंडी पसरते, तशी ती पडद्यावर पसरवण्याचा हा प्रयत्न होता. २००५ मध्ये तेथे घासाघिशीलाही रीतसर दार उघडले गेले. त्यात बोलीला मुदत असे, फेऱ्या मोजक्या असत आणि दोघांची संमती झाली की खरेदीचे बंधन येई. तेथील लक्षावधी बोलींचा अभ्यास बॅकस, ब्लेक, लार्सन आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आढळले की एकाने थोडे सोडले की दुसराही थोडे सोडतो, आणि दोन आकड्यांच्या बरोबर मधली बोली मान्य होण्याची शक्यता अधिक असते. ‘तुमचेही नको, माझेही नको’ हे मंडईतले वाक्य जगभर चालते, असाच याचा अर्थ. त्यांच्यापैकी तिघांच्या आणखी एका अभ्यासातून दिसले की मोठा गोल आकडा लिहिणाऱ्या विक्रेत्याला बोली कमी येते, पण लवकर येते. गोल आकडा हा घाईचा इशारा मानला जातो. बाईंच्या भाच्याने लिहिलेले ते ९,००० गिऱ्हाइकांनी तसेच वाचले असेल तर नवल नाही.

२००६ साली निघालेले ओएलएक्स, २००८ चे क्विकर किंवा २०१६ मध्ये फेसबुकने उघडलेला बाजार, यांची मूळ रचना वेगळी आहे. ती वृत्तपत्रातल्या छोट्या जाहिरातींच्या वळणाची. संकेतस्थळ दोघांची गाठ घालून देते. घरगुती जुन्या वस्तूचा सौदा सहसा दारात, रोखीने किंवा मोबाइलवरून पैसे देऊन पुरा होतो. कोणी शब्द पाळला आणि कोणी मोडला, याची नोंद बहुधा कोठेच होत नाही. बाजार उभा राहिला, पण त्याची स्मरणशक्ती उभी राहिली नाही.

त्यात संशयाची भर पडते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध या बाबतीत पायाभूत मानला जातो. त्या दिशेच्या कामासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. विकणाऱ्याला मोटारीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक मोटार खराबच असेल असे धरून कमी भाव देतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही, तिचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे खरोखरच खराब माल उरतो. ‘चार फायनल’ लिहिणारा तरुण उद्धट असेलच असे नाही. आधीच्या चौघांची फसवणूक तो पाचव्या बाईंकडून वसूल करत असतो. आणि बाईही पुढच्या गिऱ्हाइकाशी तुटकपणे बोलून त्याची परतफेड करतात.

शब्दाचा प्रश्न मात्र संशयाहूनही खोल आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली रेंच नावाच्या मालकाने आपले शेत हाइड याला १,००० पौंडांना देऊ केले. हाइडने ९५० सांगितले. रेंचने नकार दिला. तेव्हा हाइड म्हणाला, ‘ठीक आहे, १,००० देतो.’ रेंच तयार होईना, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने रेंचच्या बाजूने निर्णय दिला : ९५० ची बोली करताच मूळ प्रस्ताव संपला, तो नंतर उचलून घेता येत नाही. विधी महाविद्यालयांत हा खटला आजही शिकवला जातो. पन्नास पौंडांच्या हव्यासाने शेत हातचे गेले, हे हाइडला कळले. निदान बोललेल्या आकड्याचा परिणाम होतो एवढे तरी त्या व्यवहारात निश्चित होते. मोबाइलवरील बोलण्यात तेवढेही निश्चित नसते. आपल्या कथेतील बाईंनाही तो अनुभव आला. एका गृहस्थांनी ७,५०० कबूल केले, रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाले. बाईंनी त्या भरवशावर दुसऱ्या दोघांना नकार कळवला, कपाटातल्या वस्तू खोक्यांत भरल्या आणि दुपारी दोनपर्यंत गॅलरीत उभ्या राहिल्या. फोन उचलला गेला नाही. सोमवारी रात्री संदेश आला, ‘साडेपाचला देता का?’

यावर पेढीवरील मंडळी लगेच उपाय सांगतील : विसार घ्यावा. पाचशे रुपये आधी हातात पडले की शब्दाला गाठ बसते. जमिनीच्या व्यवहारात विसारपावतीने हेच काम पिढ्यानपिढ्या केले. पण अनोळख्या बाजारात हा उपायही विषारी झाला आहे. आगाऊ रक्कम मागून गायब होणारे विक्रेते आहेत आणि त्याहून धूर्त गिऱ्हाईकही आहेत. स्वतःला सैन्यातला जवान म्हणवून, भाव अजिबात न पाडता ‘विसार पाठवतो, हा चौकोनी संकेत स्कॅन करा आणि पिन टाका’ असे सांगणाऱ्यांनी देशभर अनेकांची खाती रिकामी केली आहेत. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकली की पैसे जातात, हे घरातील ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. इतकेच की, ज्या साधनाने प्रामाणिक माणसाच्या शब्दाला वजन आले असते ते साधन ठकांनी पळवले, आणि न घासता मान्य होणारा भाव हीच आता धोक्याची खूण ठरली. घासाघीस करणारा त्रासदायक खरा, पण तो निदान खरा गिऱ्हाईक असण्याची शक्यता जास्त!

कायद्याकडे पाहावे तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्यांवर आणि संकेतस्थळांवर काही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. परंतु धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या घरातली एखादी वस्तू विकणारी व्यक्ती त्यांच्या कक्षेबाहेर राहते, आणि ते योग्यच आहे. एका कपाटासाठी कोणी नियमावली वाचू नये. म्हणून उरतात त्या साध्या गोष्टी : जाहिरातीत लांबी-रुंदी आणि गंजलेली बिजागरीसुद्धा लिहावी, भाव पक्का असेल तर तसे स्पष्ट सांगावे, पडद्यावर फक्त पत्ता आणि वेळ ठरवावी आणि आकड्याचे बोलणे वस्तूसमोर उभे राहूनच करावे. विकून झाल्यावर जाहिरात काढून टाकणे हा तर निव्वळ शेजारधर्म आहे.

बाईंच्या कपाटाला पुढे सतरा जणांनी ‘लास्ट प्राइस’ विचारली. त्याच इमारतीतील आणखी पाच बिऱ्हाडे त्याच महिन्यात आपापली कपाटे विकायला काढून बसली होती, ही गोष्ट बाईंच्या ध्यानात जरा उशिरा आली. महिनाअखेरीला आठवडा उरला असताना, पंधरा वर्षे त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी भांडी घासता घासता विषय काढला.

“बाई, कपाट काढताय म्हणे. पोरीला द्यायला बघत होते.”

“घे की. भाच्याने नऊ हजार लिहिलंय.”

“नऊ नाही जमायचं. पाच देते.”

“पाचाला नाही गं. ह्यांच्या पहिल्या बोनसचं कपाट आहे ते. साडेसहा दे.”

“सहा. दोन आत्ता देते, बाकीचे महिन्याला हजार.”

“बरं. पण आतला लॉकर जरा घट्ट लागतो, आधीच सांगून ठेवते.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला आला. जिना अरुंद, तिसरा मजला, दोन हमाल लागतील असे म्हणून त्याने १,८०० रुपये सांगितले. तेव्हा दोघी कंबर कसून जिन्यात उभ्या राहिल्या आणि त्याच्याशी भाव करू लागल्या.